अक्काच्या नवसाचा परवाना

अक्काने नवस बोलला तेव्हा ते रान आमच्या जिल्ह्यात होतं. फेडायची वेळ आली तेव्हा ते शेजारच्या जिल्ह्यात गेलं होतं. रान हललं नव्हतं, रानातला देवही हलला नव्हता. मधल्या काळात एक दसरा येऊन गेला होता आणि त्या दसऱ्याला सरकारने आमच्या आदिलाबादचे चार जिल्हे केले होते.

आमच्या घराण्याला याचं फारसं कौतुक नाही. वडील निजामाच्या राज्यात शाळेत गेले. हैदराबाद भारतात विलीन झाल्याचं त्यांना कळायला आठवडी बाजाराचा दिवस यावा लागला, असं ते सांगायचे. मी आंध्रात मास्तर झालो आणि तेलंगणात पेन्शन खातो. एवढी राज्यं बदलून घर मात्र भीमपूरकडच्या त्याच गल्लीत. तरीही चार जिल्ह्यांच्या दसऱ्याला मी चौकात उभा राहून फटाके पाहिले. लोक एकमेकांना पेढे देत होते. आपला जिल्हा चतकोर झाल्याचे पेढे मी पहिल्यांदाच खाल्ले.

अक्का माझी थोरली बहीण. लग्न होऊन मावल्याला माळ्याच्या घरी गेली आणि जन्मभर वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवून आदिलाबादच्या बाजारात विकत बसली. तिच्या मुलीला बरीच वर्षं मूल नव्हतं. अक्काने उटनूरच्या पुढच्या रानातल्या देवाला नवस केला: लेकरू झालं तर त्याला एक रात्र तुझ्यापाशी निजवीन, तुझ्या रानात रोडगे भाजीन आणि तिथे जो भेटेल त्याला जेवू घालीन. या देवाची एक रीत आहे. त्याच्या रानात शिजलेलं अन्न रानाबाहेर न्यायचं नाही. उरलं तर नवस उरला, असं म्हणतात. पूर्वी बैलगाड्या सोडून चार-पाच घरं तिथे रात्र काढायची. कोणाला विचारायचं असतं हे कोणाला माहीत नव्हतं.

मुलगी झाली. अक्का म्हणाली, "बापू, तू शिकेल माणूस. साहेब लोकायशी बोल. मले एक रात पाह्यजे फक्त."

"अक्का, आता तिथे वाघाचं जंगल झालं आहे. दिवसा दर्शनाला कितीही जा, पण रात्री..."

"वाघ काय आताच आला काय तिथी?"

मी आदिलाबादच्या जंगल ऑफिसात गेलो. तिथल्या बाबूने मान वर न करता सांगितलं, की ते रान आता आमच्याकडे नाही. मी नव्या जिल्ह्याच्या ऑफिसात गेलो. ते एका शाळेच्या विज्ञानाच्या खोलीत भरलं होतं. साहेबांच्या खुर्चीमागे माणसाच्या आतड्यांचा तक्ता तसाच लटकत होता आणि दारावर झेंडूचं तोरण वाळून खडखडत होतं. बाबू म्हणाला, "दरख्वास्त ठेवून जा. फाइली अजून यायच्या आहेत." कुठून यायच्या आहेत? आदिलाबादहून. मी आदिलाबादला जाऊन विचारलं. ते म्हणाले, गेल्या. अशा रीतीने अक्काचा नवस काही आठवडे दोन जिल्ह्यांच्या मधल्या रस्त्यावर होता.

शेवटी माझा एक जुना विद्यार्थी भेटला. तो नव्या ऑफिसात लागला होता. मला पाहून उभा राहिला, चहा मागवला. मास्तराला एवढं पुरतं. मी छाती काढून सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि उठून दार लोटून आला.

"सर, देवाच्या नावानं अर्ज दिला तर साहेब नाही म्हणतील. संस्कृतीच्या नावानं दिला तर हो म्हणतील."

"फरक काय?"

"देवाला रात्री राहता येत नाही, सर. संस्कृतीला येतं. शनिवारी."

मग त्याने समजावलं. देवाच्या त्या टेकाडावर जंगल खात्याने पर्यटकांसाठी तंबू टाकले होते. हैदराबादचे लोक आधी नाव नोंदवून रात्र काढायला येत. नियम कडक. तंबूबाहेर चूल नाही, शेकोटी फक्त लोखंडी परातीत, आत आणलेली प्रत्येक वस्तू परत न्यायची, उरलेलं अन्न टाकायचं नाही, पुरायचंही नाही, कारण वासाने अस्वलं येतात. मात्र शनिवारी पर्यटकांसाठी 'स्थानिक संस्कृती दर्शन' असे. त्यात गावची माणसं नाच करत, गाणी म्हणत, पारंपरिक स्वयंपाक करून दाखवत. त्यांना आत राहायला परवाना आणि जमिनीवर विस्तव पेटवायला मुभा.

"आपण रोडगे दाखवू, सर. कोणाचं काय जाते?"

मी सही केली. परवान्यावर लिहिलं होतं: बारा कलाकार आणि साहित्य. कलाकारांच्या नावांत बहात्तर वर्षांची अक्का होती आणि जिच्या पायी हे सगळं चाललं होतं ती आठ महिन्यांची पोरही होती. घरी येऊन मी अक्काला फक्त एवढं सांगितलं, "मिळाली परवानगी." बाकी सांगायला जीभ रेटली नाही. अक्काच्या लेखी नवस म्हणजे तिचा आणि देवाचा व्यवहार. तो लोकांना करून दाखवायचा म्हटलं असतं तर तिने पोरीला घेऊन उलटं तोंड केलं असतं. ज्याचा देखावा केला तो नवस देवाला पोचत नाही, असं ती गावातल्या एका मोठ्या घराच्या बँडवाल्या नवसाबद्दल म्हणाल्याचं मी ऐकलं होतं. मी मनाशी म्हटलं, तिला कळायचं कारण नाही. सगळं मराठीत मीच सांगणार आहे.

त्या शनिवारी सकाळी मावल्याला पोचलो तर दारात टेम्पो उभा आणि टेम्पोला फ्लेक्स. अक्काच्या मुलाने छापून आणला होता. एका कोपऱ्यात देव, एका कोपऱ्यात पोरगी आणि मधे मी, निवृत्तीच्या दिवशीच्या शालीत. खाली अक्षरं: मामांच्या अथक प्रयत्नांनी. माझा चेहरा देवापेक्षा तिप्पट मोठा होता.

"हे काढ," मी म्हटलं.

"काऊन मामा? फोटो चांगला नाई आला काय?"

"काढ म्हणतो ना."

"राहू दे रे," अक्का म्हणाली. "केलं त्यानं, तर नाव नाई लावावं काय?" आणि माझ्याकडे अशा अभिमानाने पाहिलं, की मला फ्लेक्समागे जाऊन बसावंसं वाटलं.

टेम्पोत बारा नव्हे, अख्खी गल्ली चढली होती. पीठही गल्लीच्या हिशेबाने मळलेलं. नाक्यावर चौकीदाराने माणसं मोजली आणि बाराच्या पुढची उतरवली. थोडा आरडाओरडा झाला, एका म्हाताऱ्याने माझा फ्लेक्स दाखवून "हे कोण आहेत माहीत आहे काय?" असंही विचारून पाहिलं. चौकीदाराने फ्लेक्सकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहिलं. दोहोंत साम्य सापडलं नसावं. गल्ली टेम्पोतून तशीच परत गेली. पीठ मात्र आत आलं. नवसाचं मळलेलं पीठ कमी करायचं नसतं, असं अक्काचं म्हणणं.

तंबूंची जागा सुरेख होती. हिरवे तंबू, पांढरे रंगवलेले दगड, आणि मधोमध, शेंदूर फासलेला आमचा देव. त्याच्या भोवती छोटं कुंपण घालून शेजारी सौर दिवा आणि पाटी लावली होती. पाटीवर नियम होते. अक्काने चपला काढून पाटीला आधी नमस्कार केला, मग देवाला.

छावणीचा व्यवस्थापक गळ्यात शिट्टी घातलेला, उत्साही माणूस होता. त्याने आमच्या गोवऱ्या पाहिल्या आणि म्हणाला, "वा, ओरिजिनल." त्याने गोवऱ्या पेटवायची, जगऱ्याची, जागा आखून दिली आणि तिच्या समोर अर्धगोल खुर्च्या मांडू लागला.

"खुर्च्या कायले?" अक्काने विचारलं.

"पाहुणे आहेत," मी म्हटलं.

"मंग पंगतीले खाली बसतीन. खुर्चीवर रोडगा कसा खाईन माणूस?"

ज्याने कधी रोडगे केले नाहीत त्याला सांगतो. जाड्या कणकेच्या लहान लहान पोळ्या तेल लावून एकावर एक रचायच्या, त्यांना बाहेरून आणखी एक पारी गुंडाळून चेंडू करायचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात, म्हणजे जगऱ्यात, गाडून द्यायचा. मग राख झटकून फोडायचा, तूप सोडायचं, वांग्याची भाजी आणि वरण. करणारा घामाने निथळतो, डोळे धुराने लाल होतात. पाहायला त्यात काही नाही. तरी खुर्च्या भरल्या. पंधरा-वीस माणसं, बहुतेक हैदराबादची, हातात कॅमेरे आणि मोबाइल.

व्यवस्थापकाने माईक हातात घेतला. आधी तेलुगूत बोलला, मग हिंदीत. आज आपण आपल्या जंगलातल्या आदिवासी आजीबाईंची पारंपरिक पाककला पाहणार आहोत, त्या खास आपल्यासाठी आल्या आहेत, कार्यक्रमानंतर फोटो काढता येतील, आणि आजींना प्रोत्साहन द्यावं.

अक्काचा जावई हिंदीत 'आदिवासी' ऐकून ताडकन वळला. "मामा, आमी आदिवासी कवापासून?" छावणीत झाडलोट करणारी एक गोंड बाई बाजूला उभी होती. ती तोंडाला पदर लावून हसत म्हणाली, "अन् आमी रोडगे कवापासून?" जावयाला हसू आलं, मला आलं नाही. 'स्थानिक संस्कृती' म्हणून दोघांच्याही नावाने मीच सही केली होती.

अक्का निखारे सारखे करत होती. तिने विचारलं, "काय म्हणला तो?"

"स्वागत करून राह्यला आपलं," मी म्हटलं.

ती काही क्षण माझ्याकडे बघत राहिली. धूर डोळ्यांत गेला असेल असं मला वाटलं. मग तिने पदर डोक्यावर पुढे ओढून घेतला आणि कामाला लागली.

मी खुर्च्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. माझ्या पुढे बसलेल्या एका बाईंनी नवऱ्याला इंग्रजीत विचारलं, की हे पॅकेजमध्येच आहे का. नवरा म्हणाला, हो, आणि उद्या सकाळी पक्षी आहेत. पहिला रोडगा फोडला, वाफ निघाली, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अक्काने तो फोडलेला रोडगा उचलला, टाळ्यांकडे पाठ केली आणि देवापुढे नेऊन ठेवला. व्यवस्थापक माईकवर म्हणाला, "ब्यूटिफुल." लेकीने पोरीला देवाच्या पायाशी घातलं. तिथेही दोन-चार मोबाइल वाकले. देवाला नैवेद्य, पोरीच्या कपाळाला राख, अक्काचे जोडलेले हात, सगळं पाठीमागून प्रकाश टाकून नीट टिपलं गेलं. मी आयुष्यभर समारंभांची टिंगल केली. सत्काराच्या शालींवर, फीत कापणाऱ्या मंत्र्यांवर, कोनशिलांवर माझ्याकडे चांगले विनोद आहेत. त्या संध्याकाळी एकही आठवला नाही.

जेवणाच्या वेळी शिट्टी वाजली आणि पाहुणे त्यांच्या जेवणाच्या तंबूत गेले. तिथे त्यांच्यासाठी पुलाव होता. संस्कृती पाहायची असते, खायची नसते, हे परवान्यात लिहिलेलं नव्हतं, पण गृहीत होतं. आम्ही बारा जण, त्यातली एक दुधावरची, जेवढं खाता आलं तेवढं खाल्लं. देवाजवळचा तंबू आम्हाला मिळाला होता. पोरगी देवाकडे डोकं करून निजली आणि एकदाही रडली नाही. नवसाचा तेवढा भाग बिनतक्रार झाला.

सकाळी टोपली उघडली तर रोडगे अर्ध्याहून जास्त शिल्लक. व्यवस्थापक शिट्टी फिरवत आला आणि मला हिंदीत म्हणाला, "मास्टरजी, हे सगळं बाहेर न्यायचं. एक तुकडा मागे राहिला तर माझी नोकरी जाते."

मी अक्काला खालच्या आवाजात म्हटलं, "अक्का, हे बरोबर न्यावं लागेल."

"नेत नसतात."

"माहीत आहे. पण नियम आहे. सही माझी आहे."

"बापू, पोरीचा नवस हाय. उरलं तर उरलं त्या पोरीवर. तुह्या सहीवर नाई."

"अक्का, हट्ट करू नको चारचौघांत," मी म्हटलं, जरा मोठ्याने. तिच्याशी या आवाजात मी कधी बोललो नव्हतो. जावई दुसरीकडे पाहू लागला.

अक्का उठली, व्यवस्थापकासमोर गेली आणि तेलुगूत बोलू लागली. तोडकीमोडकी नव्हे, चांगली खणखणीत, बाजारातली तेलुगू, गिऱ्हाईकाला हलू न देणारी. की बाबा, तू बोर्ड लावलास तो बरोबर. अस्वल माझ्या रोडग्यावर येऊ नये हेही बरोबर. पण अन्न टाकणार कोण आहे? इथे एवढी माणसं आहेत, ती जेवतील. माझ्या देवाने सांगितलं आहे, जो भेटेल त्याला घाल. काल तू त्यांना खुर्चीवर बसवलंस, आज मी खाली बसवते. आणि काल तू माईकवर म्हणालास की मी त्यांच्यासाठी आले, ते खोटं होतं. मी हिच्यासाठी आले. असं म्हणून तिने पोरीकडे बोट केलं.

व्यवस्थापक म्हणाला, "अम्मा, पाहुण्यांची इडली तयार आहे."

"इडली दुपारी खातील," अक्का म्हणाली.

पन्नास वर्षं ही बाई त्या बाजारात तेलुगू बायकांशी वांग्यावरून भांडताना मी ऐकली होती. कितीदा तिच्याशेजारी पोत्यावर बसून ऐकली होती. आणि तरी काल संध्याकाळी मी तिला धरलं होतं शाळेची पायरी न चढलेली, माईकवरचं न कळणारी. काल तिला शब्द न् शब्द कळला होता. माझं 'स्वागत'ही कळलं होतं.

ती इडलीच्या तंबूत शिरली आणि मी मागोमाग गेलो. तिथे तिला माझी काही गरज पडली नाही. निम्म्या लोकांना तेलुगू येत होती, त्यांनी उरलेल्यांना सांगितलं. हा कार्यक्रम नव्हता, नवस होता, नातीसाठी. जेवलात तर उपकार होतील. पॅकेजची चौकशी करणाऱ्या बाईंनी मान खाली घातली. त्यांनी मला इंग्रजीत विचारलं, "म्हणजे आम्ही पूजेत टाळ्या वाजवल्या? कोणी सांगितलं का नाही?"

मी म्हटलं, "सांगायला हवं होतं." कोणी, ते मी सांगितलं नाही.

ती माणसं बाहेर येऊन पांढऱ्या दगडांच्या कडेने जमिनीवर बसली. रोडगे पुन्हा निखाऱ्यावर धरून गरम केले. राख कशी झटकायची हे माहीत नसल्याने त्यांचे हात, गुडघे, एकाची दाढी, सगळं करडं झालं. अक्का तूप वाढत फिरत होती आणि प्रत्येकाला दटावत होती, "अजून घे. वांगं टाकू नको, माह्या मळ्यातलं हाय." गोंड बाईने दोन खाल्ले आणि जावयाला म्हणाली, "आता झाले आमी रोडगेवाले." व्यवस्थापकाने आधी इकडे-तिकडे पाहिलं, मग शिट्टी खिशात घालून पंगतीच्या टोकाला बसला. टोपलीत शेवटी पीठ झटकलेलं फडकं तेवढं उरलं. ते नियमानुसार परत आणलं.

परतताना छावणीच्या जीपमध्ये मी अक्काच्या शेजारी बसलो. उटनूर आल्यावर मी विषय काढला.

"तुला काल सगळं कळलं होतं," मी म्हटलं.

"माईक कायले लावते माणूस? कळावं म्हणूनच ना?"

"मग बोलली काऊन नाहीस?"

"जगरा पेटला होता. पेटल्या जगऱ्यापुढं भावाशी भांडू काय?"

"अक्का, नवस फिटला ना?"

तिने झोपलेल्या पोरीच्या कपाळावरची राख अंगठ्याने सारखी केली. "खाल्लं त्यायनं. पोटभर खाल्लं. मंग फिटला." मग म्हणाली, "लोकायले देखावा वाटला, वाटू दे. लोकायले काय माहीत? पर तुले माहीत होतं, अन् मले 'स्वागत' म्हणला तू." एवढं बोलून तिने पोरीला कूस बदलून घेतलं आणि खिडकीबाहेर पाहत बसली. मी काहीतरी म्हणायला हवं होतं. कायदा, साहेब, नवा जिल्हा, विद्यार्थ्याची नोकरी, सगळी कारणं तयार होती आणि सगळी खरी होती.

पोरगी चालायला लागली त्या वर्षी अक्का तिला पुन्हा त्या देवाच्या पाया पाडायला घेऊन गेली, असं मला तिच्या मुलाकडून कळलं. दिवसा गेले, संध्याकाळी परत आले. टेम्पो भरून गल्ली गेली होती. मी पुढच्या बाजारच्या दिवशी तिच्या पोत्याशेजारी जाऊन बसलो आणि शक्य तितक्या सहज विचारलं, "मला बोलावलं नाहीस?"

अक्काने मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडलं.

"परवान्यात जागा नव्हती रे, बापू," ती म्हणाली.

दिवसाच्या दर्शनाला परवाना लागत नाही. ते तिला मीच सांगितलं होतं. मी मान हलवली आणि, जागा नव्हती म्हणजे काय करणार, असं म्हणालो.